दोन वणांच्या मधली जागा

१

सकाळी मैत्रीची अंघोळ झाली की आम्ही दोघं खिडकीपाशी सतरंजीवर समोरासमोर बसायचो. मध्ये खोबरेल तेलाची वाटी. आधी तिचा हात, मग माझा. वण चोळायचा तर अंगठ्याच्या पोटानं, गोल गोल, रडणाऱ्या लेकराला समजवावं तसा. नख लावू नये. घाई करू नये. मला घाई कधी नव्हतीच, आणि आता तर कुठं जायचंही नसतं.

मैत्री माझी मुलगी. चाकणला एका लहान कंपनीत प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढते. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा रॅम, म्हणजे तो लोखंडाचा भला मोठा ठोकळा, खाली येतो. हात बटणावर असले की ते ठोकळ्याखाली नसतात, एवढी साधी गोष्ट. पण दर वेळी दोन बटणं दाबत बसलं की काउंट, म्हणजे दिवसाचे ठरलेले नग, निघत नाही. मग एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधून टाकतात आणि एकाच बटणावर मशीन पळवतात. मी होतो तेव्हाही चालायचं, आताही चालतं. मैत्रीच्या मशीनवर तसंच बांधलेलं होतं. तिचा हात वेळेत निघाला, पण निघता निघता पत्र्यानं मनगटापासून वर फाडला.

टाके पडले, टाके निघाले, जखम भरली. भरून झाल्यावर ती थांबेना. भरतच राहिली. पावसाळ्यात भिंतीवर गांडूळ चढतं तसा लालसर, टणक वण तिच्या हातावर चढत गेला.

माझा वण जुना. भोसरीला प्रेसवर होतो तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथंच राहिलं. पिवळे सुती हातमोजे वापरायचो आम्ही. मोज्याची दोन बोटंही त्यांच्याबरोबरच गेली. त्या जागी तळव्याच्या कडेला जाड वण आला आणि मग कित्येक वर्षं गप्प बसला. मी त्याला विसरलो, तो मला.

ज्या आठवड्यात मैत्रीचा वण फुगायला लागला, त्याच आठवड्यात माझा खाजायला लागला.

२

मी शिकलेलो नाही, पण अंगारे-धुपारे मानणाऱ्यातलाही नाही. आमच्या घरात ते चालत नाही. म्हणून आधी सरळ विचार केला. वय झालंय, कातडी कोरडी पडते, रक्तात साखर असेल. जुनं दुखणं हवेनं जागं होतं. यातलं काहीही असू शकतं.

मग एक गोष्ट लक्षात आली. मला खाज सुटली की मी मैत्रीकडं बघायचो, काही न बोलता. आणि दर वेळी तिचा हात मनगटाकडं निघालेला असायचा. ती भांडी घासत असो, केस विंचरत असो. एकदा ती बाहेर नळावर होती, मी आत. मला सुटली तशी बाहेरून आरोळी आली, "आई गं, ही खाज!"

गिरजा, माझी बायको, औषधांच्या मागं लागली. कोरफडीचा गर झाला. कांद्याचा रस झाला. दोन दिवस घरात असा वास की शेजारच्या यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या, "गिरजाबाई, भजी करताय का?"

"करते की. बापलेकीचीच करते," गिरजा म्हणाली. "या खायला."

यशोदाबाईंनी पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. "थोडा अंगारा लावून तर बघा. आमच्या गावच्या देवाचा हाय."

"ठेवा तुमच्यापाशी. आमाला गुण यायचा न्हाई," गिरजा हसत म्हणाली. "आमी पिंपरीच्या दवाखान्यात जातो. तितं रांग बी लई मोठी असती, देवाच्यापेक्षा."

दवाखान्यातली डॉक्टरीण चांगली होती. दोघांचे हात शेजारी शेजारी ठेवून बघितले. काही जणांच्या कातडीची धाटणीच अशी असते म्हणाली, बापाची लेकीत येते. तिला वणात इंजेक्शनं सुरू केली, मला ट्यूब लिहून दिली. "आणि बाबा, खाजवायचं नाही. खाजवलं की तो वाढतो. हे औषधापेक्षा महत्त्वाचं."

"बरं," मी म्हणालो. बापाची लेकीत येते, हे मला पटलं. पटल्यामुळं बरंही वाटलं.

मग गुरुवार आला. गुरुवारी आपल्याकडं कारखान्यांना सुट्टी. आम्ही चिखलीत राहतो, खोलीखाली जयसिंगचं वर्कशॉप आहे, पलीकडं अजून दोन-तीन. एरवी दिवसभर जमीन थरथरत असते आणि आपल्याला ती कळतही नाही. गुरुवारी थांबते तेव्हा कळते. त्या दिवशी मी दुपारचा सतरंजीवर पडलो होतो, मैत्री भिंतीला टेकून बसली होती. गल्ली एकदम शांत. आणि माझ्या वणात ठेका चालू होता. खाज येई, थांबे. येई, थांबे. मध्ये पत्रा सरकवायला लागतो तेवढाच वेळ.

मी उठून खाली जाऊन आलो. जयसिंगचं शटर बंद, कुलूप लावलेलं. शेजारचंही बंद. वर आलो तर मैत्री मनगटावर बोट ठेवून बसलेली.

"आप्पा," ती म्हणाली, "माझं मशीन असंच चालतं."

"सगळीच मशीनं असंच चालतात," मी म्हणालो.

"ते जुनं घेतलंय म्हणे. भोसरीच्या कुठल्या तरी कंपनीनं विकलेलं. रंगानं हिरवं आहे."

"भोसरीत हिरवी मशीनं किती होती ती मोजायला बसलो तर जन्म जायचा. झोप तू."

३

वाटीचं झालं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, चांगल्या उजेडात. मुद्दाम सांगतो, अंधारात झालं असतं तर मी स्वतःवर विश्वास ठेवला नसता.

आम्ही समोरासमोर बसलो होतो. वाटी मध्ये. अजून तेलात बोट घातलं नव्हतं तोच खाज आली, अशी की डोळ्यांत पाणी आलं. मी मैत्रीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिला हसू फुटलं.

"तुम्हाला पण, आप्पा?"

"मला पण."

"मग खाजवा की! डॉक्टरीण काय इथं बघायला येतीये?"

आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी खाजवलं. काय सुख होतं ते. क्षणभरच.

आवाज मोठा झाला नाही. पडल्याचा आवाज वेगळा असतो, दाबल्याचा वेगळा. मोठ्या गाडीत बसल्यावर दार बंद झालं की कान भरतात ना, तसं काहीसं झालं. सतरंजीखालची फरशी एकदा हलली. गुडघ्यांना तेल लागलं.

मध्ये वाटी नव्हती. तिच्या जागी भाकरीएवढी स्टीलची चकती होती.

"काय सांडलं?" आतून गिरजा ओरडली.

आम्ही दोघांनीही वर बघितलं. वर आमचा पंखा होता, बंद. पत्रा होता, त्याला पावसात आलेला डाग होता. बाकी काही नाही.

चकती घेऊन मी खाली जयसिंगकडं गेलो. तो सांगलीकडचा, चाळिशीचा गडी, स्वतः मशीनवर उभा राहणारा. त्यानं चकती उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"झकास बसलीय, काका. कुठं मारली?"

"किती टनाच्या प्रेसचं काम असंल?"

"माझ्या मशीनचं तर न्हाई. हे माझ्यात वाकडं झालं असतं." त्यानं चकती नाकाशी नेली. "खोबरेल लावून मारली व्हय? काय राव काका, या वयात नवीन धंदा काढताय आणि आम्हाला सांगत न्हाई!"

मी हसलो. चकती घेऊन वर आलो.

४

मैत्रीला माझ्याआधी कळलं. संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "आप्पा, एक बटण तुमच्याकडं आहे. एक माझ्याकडं."

"गप."

"आणि मध्ये जे असेल ते."

"गप म्हणतो ना."

गिरजा चुलीपाशी होती, म्हणजे गॅसपाशी, पण ती अजून चूलच म्हणते. तिनं वळून एकदा माझ्याकडं, एकदा पोरीकडं बघितलं. ती चकती तिनं सकाळीच धुऊन फळीवर ठेवली होती, इतर ताटांबरोबर.

"तपासून बघायचं का?" मैत्री म्हणाली. "मध्ये एखादा रिकामा डबा ठेवू."

"प्रेस चालू हाय का बघायला कुणी हात घालतं का?" मी म्हणालो. "न्हाई तपासायचं."

खरं सांगायचं तर मला हे मान्य करायचं नव्हतं. तपासलं नाही तर म्हणता येतं की वाटी पातळ होती, काहीतरी झालं. माणूस अशा फटीत बरेच दिवस राहू शकतो.

पण रात्रीच्या जेवणाला मी माझं ताट भिंतीकडं सरकवलं. तिनंही तिचं दुसऱ्या भिंतीकडं. गिरजा वाढायला आमच्या मधून गेली तेव्हा आम्ही दोघांनी हात मांडीखाली दाबून धरले.

आठवडाभर असं काढलं आणि मग मैत्री म्हणाली, मी चाकणला राहते. तिच्या लाइनवरच्या दिव्या नावाच्या मैत्रिणीनं कंपनीजवळ खोली घेतली होती. कंपनीही जवळ, आणि एका खोलीत आपण दोघं नको. ठीकच होतं ते. मी तिला बसमध्ये बसवून दिलं. बस सुटेपर्यंत ती खिडकीतून बोलत होती, आईच्या गुडघ्याला शेक द्या, ट्यूब संपली तर आणा. बस सुटल्यावर मी थांब्यावर उभा राहिलो आणि मला वाटलं, सुटलो.

लांब गेल्यानं खाज मात्र कमी झाली नाही. ती फोनवर म्हणायची, "आप्पा, मी हात लावत नाही." मी म्हणायचो, "मीबी न्हाई." पण कुणाला कधी झोपेत लागेल, सांगता येत नाही. माणसाचा हात त्याच्या नकळत तिथं जातो.

म्हणून मी परत पिंपरीला गेलो आणि डॉक्टरीणबाईला म्हणालो, असं काहीतरी द्या की माझा हातच पोचणार नाही. तिनं विचार केला. जाड वणाला दाब दिला तर तो बसतो, खाजही कमी होते, म्हणाली. गादीसारखा चिकट तुकडा वणावर, आणि वरून लवचिक पट्टी, चांगली ताणून, रात्रंदिवस. तिचं काही चुकलं नाही. वणासाठी ते बरोबरच होतं.

आणि खाज थांबली. पट्टी बांधली आणि जसं कुणी स्विच बंद केला. दवाखान्याच्या दारात मी हात वर करून बघत उभा राहिलो. किती महिन्यांनी माझा हात माझा झाला होता.

संध्याकाळी मैत्रीला फोन केला. "पोरी, माझा हात बांधून टाकलाय. आता मला खाजवताच येत न्हाई."

"म्हणजे मी खाजवू?"

"खुशाल खाजव."

तिकडून एक लांब श्वास ऐकू आला. मग ती हसली, लहानपणी पाठ खाजवून घेताना हसायची तसं. माझ्या पायाखालची फरशी एकदा हलली. मी म्हटलं, रस्त्यानं ट्रक गेला असेल.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली जयसिंगकडं जाऊन बसलो. हात मोकळा, डोकं मोकळं. गप्पा माराव्याशा वाटल्या. त्याचं मशीन चालू होतं, तो चालवता चालवता बोलत होता.

"ऐकलं का काका? चिंबळी फाट्याच्या अलीकडं रसवंतीची टपरी होती बघा, रस्त्याला. काल संध्याकाळी बसली."

"बसली म्हणजे?"

"म्हणजे सपाट! पत्रा, बाकडी, रस काढायचं लोखंडी यंत्र बी. माझा मेहुणा तिथनं येतो, त्यानं बघितलं. म्हणतो, लादी टाकल्यागत झालंय सगळं. मालक चहाला पलीकडं गेला होता म्हणून वाचला. लोक म्हणतात ट्रक घुसला. पण ट्रक घुसला तर ट्रक कुठाय?"

चिखली इकडं. चाकण तिकडं. चिंबळी फाटा कुठं येतो, ते मला कुणी सांगायला नको होतं. एवढ्या वर्षांत त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन.

पण मी खाजवलं नव्हतं. मी हात लावला नव्हता. मी तर बांधून ठेवलं होतं. जीव एकदम हलका झाला. ते आमचं नव्हतं. ट्रकच असेल.

जयसिंगनं पत्रा सरकवला. उजव्या हातानं बटण दाबलं. रॅम खाली आला, वर गेला. परत पत्रा. परत उजवा हात. त्याचा डावा हात पत्र्यावरच होता.

"जयसिंग, तुझं डावं बटण?"

"ते हे काय," तो म्हणाला. डाव्या बटणावर रबराचा तुकडा ठेवला होता आणि वरून पट्टी गुंडाळली होती. चांगली ताणून. "काउंट निघत न्हाई हो, काका. तुम्हाला काय सांगायचं."

मी त्या पट्टीकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं बघितलं.

मी बटण बंद केलं नव्हतं. मी ते दाबून बांधलं होतं.

"जयसिंग, ब्लेड आण."

"काय झालं?"

"ब्लेड आण आधी!"

डाव्या हातानं गाठ सुटेना. ओढली की अजून आवळायची, आणि आवळलेली मला नको होती. जयसिंग ब्लेड शोधत होता तोच खिशात फोन वाजला. मैत्रीची जेवणाची सुट्टी.

"आप्पा," तिचा आवाज आनंदी होता, "सकाळपासून मशीनवर सहन करतीये. म्हटलं सुट्टी झाली की मस्त..."

"हात लावू नको!"

"अहो, पण तुमची पट्टी..."

"हात लावू नको, मैत्री! हात वर कर. दोन्ही हात वर कर, माझी शपथ हाय तुला!"

तिकडं कँटीनचा कालवा ऐकू येत होता, ताटं, कुणीतरी लोणचं मागत होतं. मी मधल्या रस्त्याचा विचार करत होतो. दुपारची वेळ. कंपन्यांच्या बसेस, शेअर रिक्षा, शाळेची पोरं. जयसिंगनं ब्लेड पट्टीखाली घातलं आणि एका झटक्यात वर ओढलं. पट्टी पडली. गादीचा तुकडा मी दातानं उपटला.

खाज धावतच आली. इतकी की मी शटरला धरून उभा राहिलो.

"वर केलेत," मैत्री फोनमध्ये म्हणाली. ती फोन खांद्यात धरून बोलत असावी. "सगळे बघताहेत माझ्याकडं, आप्पा. आता किती वेळ?"

जयसिंग माझ्याकडं बघत होता. काय झालं हे त्यानं परत विचारलं नाही. माझा चेहरा बघितला, मग मशीनकडं वळला आणि त्याच ब्लेडनं त्यानं डाव्या बटणाची पट्टी कापून टाकली.

६

त्याच संध्याकाळी मैत्रीला घरी बोलावलं. लांब जाऊन मधली जागा फक्त मोठी झाली होती. आपल्या घरातलं संकट आपल्या घरात बरं, रसवंतीवाल्यानं आमचं काय घोडं मारलं होतं?

गुरुवारी तिघंही घरात होतो. गल्ली शांत. आणि दुपारी ती आली. मी खाज बरीच सोसली आहे, पण ही तसली नव्हती. ही आर्जव करत होती. एकदाच, म्हणत होती. हळूच. नखानं नको, नुसतं बोटानं. मैत्री समोरच्या भिंतीला पाठ लावून बसली होती, ओठ चावत. तिचे डोळे भरून वाहत होते.

"आप्पा, मला होत नाही."

"होतं. बस."

"मी एकटीनं खाजवलं तर?"

"आणि माझा हात त्याच घटकेला गेला तर? माझ्या हाताची खात्री मला न्हाई, पोरी."

तेव्हा गिरजा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, आई गं करत, नेहमीसारखी. स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणि परात आणली. आणि आमच्या बरोबर मध्ये येऊन बसली. जिथं वाटी असायची तिथं.

"आई, ऊठ!"

"गिरजा, तिथनं ऊठ!"

"का? माझं घर हाय, मी कुटंबी बसंन." तिनं जुडीचा दोरा सोडला. "आता खाजवा बघू. दोघं बी. बघते कुणाचा हात जातो."

"येडी झालीस का तू?"

"व्हय, झाली. हात बांधून बी व्हईना, लांब जाऊन बी व्हईना. मग हेच एक ऱ्हायलं. माझ्या डोक्यावर काय येणार असंल ते तुमच्या हातानं येणार ना? मग तुमचा हात मला ठाऊक हाय." आणि तिनं मेथीची पानं खुडायला सुरुवात केली.

मी हात गुडघ्यावर उघडा ठेवला. मैत्रीनंही ठेवला. खाज वाढली. मला कळलं की खाजेलाही आता घाई झाली आहे. ठेका जलद झाला, पत्रा सरकवायलासुद्धा वेळ नाही असा. माझा डावा हात आपोआप उचलला जात होता. मी तो बघत होतो आणि खाली ठेवत होतो. तो उठत होता, मी ठेवत होतो.

मग खोलीतला उजेड थोडा कमी झाला. ढग आल्यासारखा, पण फक्त गिरजाच्या अंगावर.

मी वर बघितलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पंखा दिसत नव्हता. पंख्याच्या खाली, गिरजाच्या अंबाड्याच्या हातभर वर, काळा, सपाट तळ होता. तेलानं ओला. तो हलत नव्हता. थांबला होता. जुन्या ग्रीसचा वास आला, तो वास मी जगात कुठंही ओळखीन. आणि त्या तळाला, कडेला, पिवळ्या सुती मोज्याची दोन बोटं चिकटलेली होती. रिकामी नव्हती. ती दोन्ही हळूहळू वाकत होती, सरळ होत होती. खाजवल्यासारखी.

मी ओरडलो नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. एवढी वर्षं ती माझी बोटं होती. त्यांनी मला घास भरवला होता, मैत्रीला पाळण्यात झोका दिला होता. आणि आता ती त्याच्या कामावर होती.

"थांब," मी त्याला म्हणालो. मोठ्यानंच. "तुला थांबायचं तेवढं थांब. मलाबी घाई न्हाई."

"कुणाशी बोलताय?" गिरजानं मान वर न करता विचारलं.

"कुणाशी न्हाई. तू निवड."

मैत्री माझ्याकडं बघत होती, वर नाही. तिनं वर बघितलंच नाही, हुशार पोर. ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून बसली आणि मी तिच्या. परात भरली. देठं बाजूला झाली. खाजेचा ठेका हळू झाला, मग रागावल्यासारखा दोन वेळा आला, आणि मग गेला. उजेड परत आला.

गिरजानं परात उचलली. "झालं? उठा आता. कुणीतरी कणीक मळा. माझे गुडघे गेले."

७

मैत्री कामावर जाते. नोकरी सोडायची नाही असं तिनंच ठरवलं. पहिल्या दिवशी गेल्या गेल्या तिनं तिच्या मशीनच्या बटणावरची पट्टी काढून फेकून दिली. सुपरवायझर ओरडला, काउंट कसा निघायचा म्हणून. ती म्हणाली, निघंल तेवढा निघंल, दोन्ही हात लागतील. त्यानं तिला त्या मशीनवरून काढलं नाही. दुसरं कुणी त्यावर उभं राहायला तयार नव्हतं.

डॉक्टरीणबाईची इंजेक्शनं चालू आहेत. मैत्रीचा वण थोडा बसलाय, रंगही उतरलाय. माझ्या वणाला मी सकाळी तेल लावतो, पण ती घरात असताना आणि तिचा हात गिरजाच्या हातात असताना. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. ट्यूब लावतो. कोरफड लावतो. पट्टी लावत नाही. बाई विचारते, का हो बाबा, दाबानं आराम पडत होता ना? मी म्हणतो, पडत होता, म्हणूनच.

मैत्री बसमध्ये चढली की माझी शिफ्ट सुरू होते. मी खिडकीपाशी बसतो, बाही वर करून, हात मांडीवर उताणा, वण कशालाही न टेकवता. ती परत येईपर्यंत तो हात माझा नसतो, मधल्या सगळ्यांचा असतो. मोशीच्या बाजारात भाजी घेणाऱ्यांचा, पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा, त्या रसवंतीवाल्याचा. त्यानं परत टपरी टाकलीय, नवीन पत्र्याची. जयसिंगच्या मेहुण्यानं सांगितलं. खाज येते. रोज येते. विनवते, धमकावते, कधी कधी गिरजाच्या आवाजात बोलते, आता खाजवा की हो जरासं. गिरजा समोर बसलेली असते, तोंड मिटून, म्हणून मला फरक कळतो.

वरच्या त्या ठोकळ्याला वाटत असेल, म्हातारा आहे, कधीतरी डुलकी लागेल. वाटू दे. मी आयुष्यभर मशीनच्या ठेक्यावर जागा राहिलोय. हा तर फक्त बसायचा जॉब आहे.

गुरुवारी तिघं घरात असतो. गिरजा तिचं निवडण-टिपण घेऊन मध्ये बसते. परवा तांदूळ निवडत होती. सूप हलवता हलवता एकदम थांबली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, जसा कुणी परका माणूस घरात आल्यावर करते.

"आज जरा जास्तच खाली आलंय वाटतं," ती म्हणाली.

मैत्रीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

"येऊ दे," मी म्हणालो.

गिरजानं एक खडा उचलून बाजूला टाकला आणि सूप परत हलवायला लागली.